जागरणाचा खर्च

बिनतारी यंत्रांच्या बॅटरीचा विषय निघाला की एक समज न तपासताच खरा धरला जातो. सिग्नल पाठवायला वीज लागते. म्हणून कमी पाठवा, हळू पाठवा, मंद पाठवा, बॅटरी टिकेल. ऐकायला हे अगदी रास्त वाटते. मोबाइल संगणकांच्या इन्फ्रारेड जाळ्यांचा इतिहास मात्र हा समज खोडून काढतो, आणि तोही आकड्यांनिशी. १९९० च्या दशकात लॅपटॉपच्या कडेला, पामटॉपच्या आणि पुढे मोबाइल फोनच्या माथ्यावर जी काळसर लाल पट्टी असायची, तिच्यामागच्या एलईडीच्या वाट्याला बॅटरीचा थोडाच भाग येई. बाकीची वीज जाई ती कुणीतरी बोलेल या आशेवर यंत्र जागे ठेवण्यात. रिक्षा धावली त्याच्या भाड्यापेक्षा वेटिंगचे पैसे जास्त व्हावेत, तसा हा प्रकार होता.

या लेखाचा मुद्दा एवढाच आहे की मोबाइल संगणकाच्या जाळ्यात वीज वाचवणे हा मुख्यतः वेळापत्रकाचा प्रश्न आहे. दोन यंत्रांपैकी कोणी केव्हा झोपायचे, कोणी कोणासाठी ताटकळायचे आणि त्या ताटकळण्याचा खर्च कोणाच्या बॅटरीवर पडायचा, हे ज्यांनी आधी ठरवले त्यांचे यंत्र छोट्याशा बॅटरीवर वर्षभर चालले. ज्यांनी ते न ठरवता दिवा मंद करण्यावर बुद्धी खर्च केली, त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. इन्फ्रारेड हे याचे उत्तम उदाहरण आहे, कारण त्यातले आकडे साधे आहेत आणि हिशेब कागदावर मांडता येतो.

१. दिव्याचा हिशेब

इन्फ्रारेड डेटा असोसिएशन ही कंपन्यांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. तिचे संक्षिप्त नाव ‘इर्डा’. विमाक्षेत्राच्या नियामकाशी तिचे नाते नाही. ह्युलेट-पॅकार्डने स्वतःच्या यंत्रांसाठी घडवलेल्या पद्धतीवर बेतलेले तिचे पहिले मानक १९९४ मध्ये आले. वेग सेकंदाला ९,६०० ते १,१५,२०० बिट, अंतर एक मीटर, आणि झोत मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना किमान १५ अंश पसरलेला.

या मानकात एलईडी सतत पेटलेला नसतो. ‘१’ हा बिट असेल तर अंधार, ‘०’ असेल तर एक चमक. आणि तीही बिटच्या पूर्ण वेळेपुरती नाही, त्याच्या १६ पैकी ३ भागांपुरतीच. सर्वांत जास्त वेगाला एका बिटची वेळ ८.६८ मायक्रोसेकंद येते, तर चमक १.६३ मायक्रोसेकंदाची. निम्मे बिट शून्य धरले तर पाठवणे चालू असतानाही दिवा एकूण वेळेच्या साधारण ९.४ टक्केच पेटलेला असतो.

आता हिशेब. चमकेच्या क्षणी एलईडीतून ३०० मिलिॲम्पियर प्रवाह वाहतो असे धरू. त्या काळच्या सुट्या भागांची माहितीपत्रके साधारण याच घरातले आकडे देत. सरासरी झाली २८ मिलिॲम्पियर. दहा लाख बाइटची फाइल १,१५,२०० च्या वेगाने पाठवायला, प्रत्येक बाइटमागे दहा बिट धरून, ८७ सेकंद लागतात. म्हणजे त्या फाइलसाठी दिव्याने खाल्ले सुमारे ०.६८ मिलिॲम्पियर-तास. उलट बाजूला फक्त ऐकत बसलेला रिसीव्हर घ्या. त्याला सतत एकच मिलिॲम्पियर लागतो असे धरले, तरी चोवीस तासांत तो २४ मिलिॲम्पियर-तास घेतो.

एक शब्दही न ऐकता घेतो. दिवसाला एक मोठी फाइल पाठवणाऱ्याच्या यंत्रात कान दिव्याच्या पस्तीसपट खातो, आणि यात प्रोसेसर अजून धरलेलाच नाही.

प्रोसेसर धरला की चित्र आणखी स्पष्ट होते. रिसीव्हर काही स्वतः फाइल लिहून घेत नाही. आलेला प्रत्येक बाइट उचलायला, तपासायला आणि ठेवायला संगणकाचा मेंदू जागा लागतो, आणि मेंदूची भूक कानाच्या कितीतरी पट असते. रिसीव्हर चालू आहे म्हणून संगणक झोपत नाही, हीच खरी गळती.

२. सावकाशीत काटकसर नाही

‘हळू पाठवले की वीज कमी लागते’ हे दुसरे लाडके मत. वरचेच आकडे घेऊन ते तपासता येते.

इर्डाच्या मानकाने एक मोकळीक दिली होती: वेग कितीही कमी असला तरी चमक १.६३ मायक्रोसेकंदाचीच ठेवली तर चालेल. ९,६०० च्या वेगाला एका बिटची वेळ १०४ मायक्रोसेकंद होते. त्यातल्या १६ पैकी ३ भाग दिवा पेटवला तर ती साडेएकोणीस मायक्रोसेकंदांची उधळण झाली. शहाण्या रचनाकाराने छोटी चमक निवडली तर दर बिटमागे दिव्याचा खर्च दोन्ही वेगांना सारखाच राहतो. म्हणजे हळू जाऊन दिव्याची बचत शून्य. वेळ मात्र बारापट: ८७ सेकंदांच्या जागी सव्वासतरा मिनिटे. तेवढा वेळ प्रोसेसर ५० मिलिॲम्पियर घेत बसला, तर त्याचा खर्च १.२ मिलिॲम्पियर-तासांवरून साडेचौदावर जातो.

आता उलट दिशेने जाऊ. १९९५ मध्ये इर्डाने सेकंदाला ४० लाख बिटचा वेग स्वीकारला आणि त्यासाठी चमक मांडायची पद्धतच बदलली. ५०० नॅनोसेकंदांचे चार समान भाग करायचे, त्यांतल्या एकाच भागात दिवा पेटवायचा, आणि कोणत्या भागात पेटला यावरून दोन बिट ओळखायचे. अभियंते याला ४-पीपीएम म्हणतात. तिथे एका बिटमागे प्रकाशाचा वाटा उरतो ६२.५ नॅनोसेकंद. जुन्या पद्धतीत बाइटभोवतीचे जादा बिट धरून तो एक मायक्रोसेकंदाच्या आसपास पडे. वेगवान जोडणीला तीव्रता अडीचपट लागते, ती वजा केली तरी दिव्याचा दरबिट खर्च सहापटींहून जास्त उतरला. आणि तीच दहा लाख बाइटची फाइल दोन सेकंदांत आटोपून यंत्र झोपायला मोकळे झाले.

पण वेग वाढवला की खर्च दर वेळी उतरतो असेही नाही. १९९७ च्या पहिल्या ८०२.११ मानकात, ज्याला जग आज वाय-फाय म्हणून ओळखते, दोन रेडिओ पद्धतींच्या जोडीला तिसरी इन्फ्रारेड पद्धतही होती. छताभिंतींवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावर ती चालणार होती. बाजारात ती रुजलीच नाही. तिच्यात सेकंदाला दहा लाख बिटच्या वेगाला २५० नॅनोसेकंदाच्या एका चमकेत चार बिट बसत, तर वीस लाखांच्या वेगाला दोनच. म्हणजे वेग दुप्पट केला की दरबिट प्रकाशही दुप्पट. दिव्यापुरते पाहिले तर इथे सावकाशी जिंकते. पण यंत्र दुप्पट वेळ जागे राहते. कोणता खर्च मोठा, याचे उत्तर त्या त्या प्रोसेसरच्या भुकेवर अवलंबून. ‘हळू म्हणजे स्वस्त’ या सरधोपट नियमावर नाही.

३. अंतराचे कठोर गणित

दिवा मंद करण्यात अर्थच नाही का? आहे, पण एकाच अटीवर: यंत्रे जवळ आणली पाहिजेत. इन्फ्रारेडच्या भौतिकशास्त्रात एक खोच आहे. रिसीव्हरमधला फोटोडायोड आलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात प्रवाह देतो, आणि विद्युत शक्ती त्या प्रवाहाच्या वर्गावर चालते. म्हणून प्रकाश निम्मा झाला की गोंगाटाच्या तुलनेतली सिग्नलची शक्ती पावपट होते. अंतर दुप्पट केले की प्रकाश पावपट, आणि ही तुलना थेट सोळाव्या हिश्शावर येते. खोलीत ऊन आले किंवा पिवळा बल्ब लागला की गोंगाट वाढतो तो वेगळाच. दूरच्या यंत्राशी मंद दिव्याने बोलू पाहणे म्हणजे चुका, पुन्हा पाठवणे आणि अधिक जागरण.

इर्डाने हे ओळखून कमी शक्तीचा वेगळा पर्याय दिला, आणि त्याचे आकडे मुद्दाम जवळून पाहावेत असे आहेत. नेहमीच्या यंत्राला दर स्टेरेडियनला किमान ४० मिलिवॅट तीव्रता हवी. कमी शक्तीच्या यंत्राला ३.६ पुरते. फरक अकरापटींचा. अंतराची हमी मात्र एक मीटरवरून, समोर नेहमीचे यंत्र असेल तर ३० सेंटिमीटरवर येते. एक भागिले ०.३, त्याचा वर्ग: पुन्हा अकरा. समोरचे यंत्रही कमी शक्तीचे असेल तर हमी २० सेंटिमीटरची, कारण त्याचा कानही थोडा मंद ठेवलेला असतो. मोबाइल फोनमध्ये इन्फ्रारेड शिरले ते या दाराने. फोन लॅपटॉपशेजारी टेबलावर ठेवणाऱ्याला मीटरभर अंतर नकोच होते.

म्हणजे या बचतीतही खरे काम केले ते वापरणाऱ्याने हात पुढे करून.

४. शोधाशोध नावाची गळती

एकमेकांना ओळखणारी दोन यंत्रे बोलत असताना होणारा खर्च समजण्यासारखा आहे. आजूबाजूला कुणीच नसताना होणारा खर्च जास्त बोचतो.

इर्डाच्या नियमानुसार अनोळखी यंत्राला हाक मारायची ती ९,६०० बिटच्या वेगानेच, म्हणजे सर्वांना कळेल अशा सावकाश भाषेत. त्याआधी अर्धा सेकंद कान देऊन जागा मोकळी आहे ना याची खात्री करायची. मग १, ६, ८ किंवा १६ ठरावीक खिडक्या उघडायच्या आणि प्रत्येक खिडकीत कुणी उत्तर देते का ते पाहायचे. लिनक्समधल्या इर्डा प्रणालीत हा शोध चालू केला की तो मुळात दर तीन सेकंदांनी होई. दिवसाला २८,८०० हाका. प्रवासात बॅगेत ठेवलेला लॅपटॉप चालू राहिला असेल तर बॅगेच्या अस्तराला २८,८०० वेळा नमस्कार. प्रत्येक हाकेच्या वेळी प्रोसेसरला उठावे लागते, आणि गाढ झोपेतून उठायला लागणारी वीज कुठल्याही माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापलेली नसते.

जोडणी झाल्यावरही सुटका नाही. एका बाजूने बोलण्याचा हक्क जास्तीत जास्त ५०० मिलिसेकंद स्वतःकडे ठेवावा, असा नियम होता. पाठवायला काही नसले तरी ‘तू बोल’, ‘मला काही नाही, तू बोल’ असा रिकामा संवाद तासाला हजारो वेळा चाले. समोरचा उठून गेला तर? जोडणी तुटली असे मानायला ठरल्याप्रमाणे ३ ते ४० सेकंद लागत, आणि तेवढा वेळ एकतर्फी हाका चालू. त्यात भर आणखी एका अडचणीची: स्वतःचा एलईडी पेटला की शेजारचा स्वतःचाच फोटोडायोड दिपून जातो. तो भानावर येईपर्यंत समोरच्याने थांबायचे. या थांबण्याची मर्यादा १० मिलिसेकंदांपर्यंत जाई. दहा मिलिसेकंद किरकोळ वाटतात. पण ४० लाख बिटच्या वेगाला तेवढ्यात पाच हजार बाइट गेले असते. छोटे छोटे तुकडे पाठवून दर वेळी पावती मागणारे सॉफ्टवेअर म्हणूनच दोन्ही बाजूंची वीज वाया घालवी. मोठे तुकडे, कमी पावत्या, काम होताच जोडणी बंद, ही शिस्त पाळणाऱ्या प्रोग्रॅमने तोच एलईडी आणि तीच बॅटरी अधिक दिवस चालवली.

या गळतीवर मानकातच एक ऐच्छिक उपाय होता: यंत्राने झोपायचे, काही सेकंदांनी उठून ‘मी इथे आहे, हवे असल्यास बोला’ एवढे म्हणायचे, क्षणभर कान द्यायचा आणि पुन्हा झोपायचे. १९९८ च्या पाम-३ या पामटॉपने तर याहून सोपा मार्ग काढला. दोन ट्रिपल-ए सेलवर चालणाऱ्या त्या यंत्रात पाठवणाऱ्याने बटण दाबावे आणि घेणाऱ्याने यंत्र चालू करून समोर धरावे. किरणांवाटे घेणे पूर्ण बंद ठेवायचीही सोय होती. सतत शोध घेण्याचे काम माणसाच्या डोळ्यांवर सोपवले गेले. तांत्रिकदृष्ट्या हे मागासलेले म्हणता येईल. बॅटरीच्या दृष्टीने ते त्या दशकातले सर्वांत प्रगल्भ उत्तर होते.

५. ओझे कोणी उचलायचे

इथवरचा हिशेब एका यंत्राचा झाला. खरी बचत दोन यंत्रांमधल्या असमान वाटणीत आहे.

केंब्रिजच्या ओलिवेट्टी संशोधन प्रयोगशाळेत रॉय वाँट, अँडी हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ च्या सुमारास ‘ॲक्टिव्ह बॅज’ घडवायला घेतला. त्यावरचा त्यांचा निबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. छातीवर लावायचा, साडेपाच सेंटिमीटर लांबी-रुंदीचा, ४० ग्रॅमचा हा चौकोन दर १५ सेकंदांनी दशांश सेकंदापुरता आपला क्रमांक इन्फ्रारेडने ओरडे. खोल्याखोल्यांत बसवलेले, तारेने जोडलेले रिसीव्हर तो ऐकत आणि माणूस कुठे आहे हे स्वागतकक्षाला कळे. बॅटरी साधारण वर्षभर टिकायची. कशामुळे? एक तर १५ सेकंदांतला एकशेपन्नासावा भागच बोलणे. दुसरे, आणि जास्त महत्त्वाचे, म्हणजे तो पहिला बॅज ऐकतच नसे. ऐकण्याचे संपूर्ण ओझे भिंतीवर टाकलेले होते, आणि भिंतीला वीज तारेतून मिळत होती.

त्या रचनेत एक बारकावा होता. बॅजवर प्रकाश जाणणारा छोटा भाग बसवला होता. बॅज रात्री टेबलाच्या खणात गेला की अंधार ओळखून तो गप्प होई. उजेड कमी असला की हाकांमधले अंतर वाढवी. खणात पडलेल्या बॅजला शोधणारे कुणी नसते, हे ज्याने यंत्राला शिकवले त्याला वीजबचतीचे मर्म कळले होते.

उलट दिशेचे उदाहरण मीटरवाचनातले आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या तोंडावर गोल ऑप्टिकल पोर्ट असते, आणि वाचन घेणाऱ्या यंत्राचे टोक त्याला चुंबकाने चिकटते. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या ६२०५६-२१ या मानकानुसार तिथला संवाद सेकंदाला अवघ्या ३०० बिटने सुरू होतो. वीजमीटरला वीज घरचीच, त्यामुळे त्याला झोपेची चिंता नाही. पण बॅटरीवर चालणाऱ्या मीटरसाठी त्याच मानकात जागे करण्याची खास रीत आहे: वाचकाच्या हातातल्या यंत्राने २.१ ते २.३ सेकंद रिकामी अक्षरे सलग पाठवत राहायची, मग दीड सेकंदाहून थोडे जास्त थांबायचे आणि नंतरच विचारायचे. मीटरने अधूनमधून एक डोळा किलकिला केला तरी एवढ्या लांब हाकेत ती सापडल्याशिवाय राहत नाही. हाक मारणाऱ्याचा खर्च कितीतरी पटींनी वाढला, पण त्याचे यंत्र संध्याकाळी चार्जिंगला लागणारच आहे.

बर्कलीच्या जोसेफ कान, रँडी कॅट्झ आणि क्रिस्टोफर पिस्टर यांनी १९९९ मध्ये ‘स्मार्ट डस्ट’ची कल्पना मांडताना हीच वाटणी टोकाला नेली. त्यांच्या धूलिकणाएवढ्या यंत्राने प्रकाश निर्माणच करायचा नाही. दूरच्या केंद्राने लेझरचा झोत टाकायचा, आणि कणावरच्या एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या तीन आरशांपैकी एक किंचित हलवून तो झोत परत पाठवायचा किंवा अडवायचा. दिवा केंद्राचा, वीजही केंद्राची.

तिन्ही उदाहरणांत एलईडीची कार्यक्षमता कुणीही सुधारलेली नाही. बदलली ती जबाबदारी.

६. आक्षेप

पहिला आक्षेप उघड आहे: इन्फ्रारेड हरले, रेडिओ जिंकला, लिनक्सनेही २०१८ मध्ये इर्डा आपल्या गाभ्यातून काढून टाकले, मग मेलेल्या तंत्रज्ञानाचा हिशेब कशाला? कारण रेडिओत जागरणाचा भाव आणखी चढा निघाला. लॉरा फीनी आणि मार्टिन निल्सन यांनी २००१ मध्ये ११ मेगाबिटच्या एका वाय-फाय कार्डाची मोजमापे प्रसिद्ध केली. पाठवताना २८४ मिलिॲम्पियर, घेताना १९०, नुसते वाट पाहताना १५६ आणि झोपेत १०. वाट पाहणे हे घेण्याच्या जवळजवळ बरोबरीचे, आणि झोपेच्या पंधरापट. इन्फ्रारेडमध्ये दिवा आणि कान यांच्यात निदान मोठे अंतर होते. रेडिओत तेही उरले नाही. म्हणूनच ८०२.११ मध्ये मुळापासून झोपेची व्यवस्था आहे: केंद्राने ठरावीक वेळाने, सहसा १०२.४ मिलिसेकंदांनी, यादी वाचून दाखवायची. आपले नाव असेल त्याने उठून सामान न्यायचे, बाकीच्यांनी झोपावे. २०१० मध्ये मानकात आलेल्या ब्लूटूथ लो एनर्जीत छोटे यंत्र क्षणभर स्वतःची घोषणा करते, उत्तरासाठी क्षणभरच थांबते आणि झोपते; ऐकत राहायचे काम फोनचे. केंब्रिजच्या बॅजशी याचे साम्य सांगायला नको.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. झोपणारे यंत्र उशिरा उत्तर देते. रोनी क्रॅशिन्स्की आणि हरी बालकृष्णन यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की वाय-फायची ठरावीक ठेक्याची झोप वेब वाचणाऱ्याला महागात पडते: सर्व्हरचे उत्तर वीस मिलिसेकंदांत आले तरी यंत्र पुढच्या घोषणेपर्यंत झोपलेले. पाने हळू उघडली की पडदा जास्त वेळ पेटता राहतो आणि वाचवलेली वीज तिथे जाते. हा आक्षेप मान्यच करावा लागतो. पण त्यातून झोप वाईट ठरत नाही, तर आंधळ्या ठेक्याची झोप वाईट ठरते. त्या दोघांनी सुचवलेला उपाय नेमका होता: विचारणा केल्यावर थोडा वेळ जागेच राहायचे, मग डुलकी लहान घ्यायची, आणि उत्तर जितके लांबेल तितकी डुलकीही लांबवत न्यायची. म्हणजे उशीर एकूण प्रतीक्षेच्या ठरावीक प्रमाणाबाहेर कधीच जात नाही.

‘बॅटरी मोठी करा’ हे उत्तर द्यायला सोपे, पण ४० ग्रॅमच्या बॅजमध्ये ते बसत नाही.

शेवटचा आक्षेप मात्र इथल्या युक्तिवादाच्याच मुळाशी जातो. ओझे भिंतीवर टाकले म्हणजे वीज वाचली कशी? भिंतीतला रिसीव्हरही वीज खातोच, आणि चोवीस तास खातो. हिशेब करून पाहू. वाट पाहणाऱ्या अवस्थेत अर्धा वॅट घेणारा खोका वर्षाला ४.३८ युनिट वीज वापरतो. एका डबल-ए अल्कलाइन सेलमध्ये साधारण तीन-साडेतीन वॅट-तास असतात. म्हणजे भिंतीवरच्या त्या एका निरुपद्रवी खोक्याने वर्षभरात हजाराहून जास्त सेलांइतकी ऊर्जा खाल्ली, छातीवरच्या बॅजची वर्षाची एक छोटी बॅटरी वाचवण्यासाठी. टीव्हीच्या रिमोटची कथा हीच आहे: रिमोटचे सेल दोन वर्षे टिकतात, कारण टीव्ही रात्रभर कान टवकारून बसलेला असतो. युरोपीय संघाने २०१० पासून अशा निवांत अवस्थेतल्या वापरावर सर्वसाधारणपणे एक वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली, ती याच कारणाने.

याला उत्तर असे की मोबाइल संगणकासाठी बॅटरी वाचणे हेच आधी हवे असते. तिच्यातला प्रत्येक वॅट-तास वजनाने, पैशाने आणि गैरसोयीने महाग असतो. पण आक्षेपाचा उरलेला भाग खरा आहे आणि तो पोटात घातला पाहिजे. भिंतीची वीज स्वस्त आहे म्हणून ती मोजायचीच नाही, ही सवय पहिल्या चुकीचाच दुसरा अवतार. ओझे भिंतीवर द्यावे. भिंतीलाही रिकाम्या खोलीत झोपू द्यावे.

७. प्रकाश पुन्हा येतो आहे

जून २०२३ मध्ये ८०२.११बीबी हे मानक मंजूर झाले. ८०० ते १००० नॅनोमीटरचा, म्हणजे पुन्हा इन्फ्रारेडचाच प्रकाश वापरून वाय-फायच्या कुटुंबात बसणारे हे जाळे ‘लाय-फाय’ या नावाने ओळखले जाते. भिंतीपलीकडे न जाणारा सिग्नल आणि रेडिओच्या गर्दीपासून सुटका हे त्याचे गुण मोठ्याने सांगितले जातात, आणि ते गुण खरे आहेत.

विजेच्या बाजूने मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील. वाय-फायची झोपेची व्यवस्था त्याला वारशाने मिळाली आहे, ही जमेची बाजू. दुसरी खर्चाची. जुन्या इर्डात दिवा नऊ-दहा टक्के वेळच पेटे. नव्या पद्धतीची लहर प्रकाशावर स्वार करायची तर बोलणे चालू असेपर्यंत एलईडीला सहसा सतत काही प्रवाह देत राहावे लागते. म्हणजे पाठवणेही पूर्वीइतके स्वस्त राहणार नाही, आणि जागरण तर कधीच स्वस्त नव्हते. अशा यंत्रांच्या जाहिरातीत वेगाचा आकडा ठळक असेल. घेणाऱ्याने, आणि कार्यालयांसाठी निविदा काढणाऱ्यांनी तर अधिकच आग्रहाने, विक्रेत्याकडून तीन आकडे लेखी मागून घ्यावेत: काहीही पाठवत नसताना यंत्र किती मिलिवॅट घेते, झोपेतून उठून पहिले उत्तर द्यायला त्याला किती वेळ लागतो, आणि समोर कुणी नसेल तर शोध किती मिनिटांनी थांबतो.